बुधवारचा उपास

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला गहू बंद केला. थोडा नव्हे, पूर्ण, आणि मरेपर्यंत. मैदा, रवा, शेवया, बिस्किटं, समोसा, लग्नातली पुरी, सगळं एका दमात गेलं. आजाराचं नाव सीलिॲक. ते उच्चारता येईपर्यंत माझा आठवडा गेला आणि लोकांना समजावण्यात पुढची दोन वर्षं.

नागपुरात प्रताप नगरला घराच्या पुढच्या खोलीत मी ब्लाउज शिवते. बापजादे कोष्टी, हातमागावर बसणारे. माझ्या वाट्याला आलं मशीन. आजार कळायच्या आधी अंगातलं रक्त इतकं उतरलं होतं की सुईत दोरा ओवायला मला शेजारणीला हाक मारावी लागायची. गहू सुटला तसे हात थरथरायचे थांबले. म्हणजे डॉक्टर खरं बोलत होते, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती. शंका होती ती बाकी सगळ्यांच्या मनात.

"थोडंसं खाल्लं तं काय होते?" हे वाक्य ज्यानं शोधून काढलं त्याला एकदा गाठायचं आहे मला. नणंदेच्या घरी बारसं असो की शेजारी वास्तुशांत, पानात पोळी पडायची, मी नको म्हणायची आणि मग हे वाक्य यायचं. एका लग्नात तर मामेसासूंनी स्वतःच्या हातानं लाडवाचा तुकडा माझ्या तोंडात कोंबला. प्रेमानं. त्या प्रेमापायी मी चार दिवस अंथरुणावर होते. त्यानंतर मी पंगतीला जाणं सोडलं. जायचंच झालं तर डबा घेऊन जायची आणि कोपऱ्यात भाकर खात बसायची. येणारी-जाणारी प्रत्येक बाई माझ्या डब्यात डोकावून हळहळायची.

घरच्यांनी मात्र मनावर घेतलं, आणि इतकं घेतलं की श्वास घ्यायची चोरी झाली. माझा नवरा तसा भला माणूस. पण मी कुठे गेले की संध्याकाळी फोन ठरलेला: "काय खाल्लं? कुठं खाल्लं? पोट कसं हाय?" पोलिसात असता तर बढती मिळाली असती. सून शहराच्या कडेला बेसा भागात राहते, तिनं एकदा मला मोबाइलवर बायांचे व्हिडिओ दाखवले. एकट्याच डोंगरात फिरतात, एकट्याच कॉफी पितात. "आई, याला सेल्फ-केअर म्हणतात," ती म्हणाली. मी म्हटलं, "आमच्या वेळी याला घर सोडून पळणं म्हणत." हसलो दोघी. पण ती गेल्यावर मी मशीनवर बसले आणि कितीतरी वेळ पायच हलवला नाही. माझ्या मनात आलं, जिथं कोणी माझ्या ताटाकडे बघणार नाही अशा ठिकाणी मला दोन दिवस जायचं आहे. बस्स, एवढंच.

मी रामटेकला जायचं ठरवलं. लोक नागपूरहून रामटेकला सकाळी जाऊन दुपारी परत येतात, आणि मी तिथे दोन रात्रींसाठी खोली घेतली, तीही एकटीसाठी. नवरा म्हणाला, "पोट बिघडलं तं कोण पाहीन तुले? मले काही म्हणायचं नाही. पण बिघडलं ना, तं मंग पुन्हा एकटं जायचं नाव काढू नको." मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. खरं सांगायचं तर भीती त्याच्यापेक्षा मलाच जास्त होती. परक्या गावात आजारी पडले तर मी स्वतःच स्वतःला पुन्हा घराबाहेर पाठवणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून दोन दिवसांच्या ज्वारीच्या भाकरी, तिळाची चटणी, भाजलेले दाणे आणि फुटाणे असा भरभक्कम डबा बांधला, कापडी पिशवीत घातला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसले.

खिडकीची जागा मिळाली. लग्नानंतर खिडकीला कायम मुलं बसली, मग नातू. कन्हानचा पूल आला तेव्हा नदीवर ऊन पडलं होतं, आणि मला एकदम जाणवलं की मी हे कोणालाच दाखवत नाहीये. "तो पाहा पूल, ते पाहा पाणी" असं म्हणायला शेजारी कोणी नव्हतं. सगळी नदी माझ्या एकटीच्या डोळ्यांत आली. मनसरहून गाडी वळली तशी दोन्ही बाजूंना धानाची शेतं लागली. दिवाळी होऊन गेलेली, कापणी चाललेली. काही बांध्यांत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, पीक उभं होतं, काहींत आडवं पडलं होतं, काहींत नुसती खुंटं. एकाच पिवळ्या रंगाच्या इतक्या छटा मी पैठणीच्या दुकानातही पाहिल्या नाहीत. रंगांशी माझा रोजचा संबंध, अस्तर जुळवायला मी दुकानदाराला घाम फोडते. पण तिथे माझीही मती गुंग झाली.

खोलीत सामान टाकलं आणि डब्याची पिशवी तेवढी बरोबर घेऊन गड चढले. गडावर पूर्वी चारदा गेले असेन, पण दरवेळी कोणाची तरी चप्पल, कोणाचं तरी पोर आणि कोणाचं तरी गुडघेदुखीचं रडगाणं सांभाळत. या वेळी मी फक्त मी होते. देवाचं दर्शन घेतलं आणि मागच्या तटाशी जाऊन उभी राहिले. खाली धानाचे चौकोन, मध्ये चकाकणारं तळं, पलीकडे निळसर डोंगर, आणि या सगळ्यावर इतकं मोठं आभाळ की मला लाज वाटली. एवढं मोठं जग बसनं दीड-दोन तासांवर पसरलेलं होतं आणि मी दोन वर्षं एका पोळीभोवती फिरत बसले होते. अंगावर काटा आला. तोंडानं राम म्हटलं की काय म्हटलं, आठवत नाही.

आणि तेवढ्यात माझ्या हातातली पिशवी गेली.

ओढली नाही, हिसकावली नाही. अगदी सभ्यपणे काढून घेतली. वळून पाहते तो काळ्या तोंडाचं भलंमोठं वानर तटावर बसून माझ्या पिशवीची गाठ सोडत होतं. मी आरडाओरडा करायला हवा होता. पण मी त्याचे हात पाहत राहिले. काळे, लांब बोटांचे, नखं अगदी माणसासारखी. त्यानं गाठ सोडली, डब्याचं झाकण उघडलं, भाकरी बाहेर काढली, वास घेतला आणि दोन्ही हातांत धरून खायला लागलं. तोवर त्याचं गणगोत जमलं. माझे दाणे, माझे फुटाणे, माझी दोन दिवसांची हमी पाहता पाहता वाटली गेली. त्या मेल्याला गहूही चालला असता. शेजारी उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, "जाऊ द्या बाई, हनुमंतानं भोग घेतला." मला हसू आलं, आणि मग ध्यानात आलं: आता खायचं काय?

शहाणपण सांगत होतं, उतर आणि दुपारची बस पकड. घरी जाऊन भाकर खा. कोणी काही म्हणणार नाही. उलट सगळे म्हणतील, बरं झालं परत आलीस. हे "बरं झालं" मला नको होतं.

मी पायऱ्या उतरून गडाच्या पायथ्याशी अंबाळा तळ्याकडे आले. वाटेत हॉटेलांत समोसे, कचोऱ्या, आलूबोंडे. आलूबोंडा बेसनाचा खरा, पण कढई समोशाचीच, आणि आत हिंग. बाजारच्या डबीतल्या हिंगातही गव्हाचं पीठ असतं, हे मला आजारी पडूनच कळलं. एका चहाच्या टपरीवर मालकानं चहाबरोबर बिस्किटं पुढे केली. मी नको म्हटलं. "घ्या ना, एक घ्या, काय होते?" आणि मी माझं नेहमीचं शस्त्र काढलं.

"उपास आहे."

हे शस्त्र मला अपघातानं सापडलं होतं. आजार आहे म्हटलं की लोक वाद घालतात. उपास आहे म्हटलं की हात जोडतात. टपरीवाल्यानंही बिस्किटांची बशी लगेच मागे घेतली, चहाचा पेला पुन्हा विसळला आणि वर म्हणाला, "केळं आणून देऊ का, माय?" पाहा! माझ्या आतड्यांना जी इज्जत नाही ती देवाच्या नावाला आहे.

टपरीला लागूनच, तळ्याच्या पायऱ्यांवर एक बाई उकडलेले शिंगाडे विकत बसली होती. साधारण माझ्याच वयाची, लुगड्याचा काचा मारलेली. शिंगाडा म्हणजे मला वरदानच. तिथेच बसून सोलून खायला लागले. काळ्या सालीतून पांढराशुभ्र गर निघायचा, किंचित गोड, तळ्याच्या पाण्याचा वास असलेला. ती माझ्याकडे पाहत होती.

"एकट्याच आल्या? माणसं कुठं हायेत तुमची?"

"घरी."

"अन् जेवण?"

मी वानराची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की तिचा तराजू कलंडला. मग म्हणाली, "शिंगाड्यानं का पोट भरते? चला घरी. हे काय, मागंच हाय घर. कालच धान भरडून आणलं, नवा भात मांडून आली मी चुलीवर." मग एकदम थांबली. "उपास हाय ना तुमचा? टपरीवर आयकलं मी."

मान हलवायची सवयच लागलेली. हलवली.

"आज कायचा? आज तं बुधवार हाय."

"बुधवारचाच," मी म्हटलं. "नवस आहे."

कशाला बोलले? जीभ एकदा घसरली की थांबत नाही. तिचा चेहरा गंभीर झाला. तिनं टोपलीवर ओलं फडकं टाकलं, ती उचलली आणि म्हणाली, "मंग तं चलाच. नवसाच्या बाईले उपाशी नाही जाऊ देणार मी रामाच्या गावातून. रताळं हाय घरी, उकडून देतो."

घर खरंच दोन पावलांवर होतं. अंगणात धानाचं पोतं, चुलीवर हंडी. तिनं मला खाटेवर बसवलं आणि हंडीचं झाकण उचललं.

त्या वासाबद्दल मी काय लिहू? नव्या तांदळाचा वास मला माहीत नव्हता असं नाही. पण शहरात तांदूळ पिशवीतून येतो, त्याला नवं-जुनं काय. हा वास शेतातून थेट चुलीवर आला होता. ओल्या मातीचा, दुधाचा, गवताचा, सगळ्यांचा मिळून एक. अंगण भरून गेलं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि डोळ्यांनाही. कारण भात मला चालतो. भात म्हणजे या जगात माझ्यासाठी सर्वांत निर्धोक अन्न. आणि उपासाला भात चालत नाही.

तिनं नवऱ्याला वाढलं. तो शेतातून आला होता, मला राम राम करून मुकाट्यानं ओसरीवर जेवायला बसला. वाफाळलेल्या भाताचा डोंगर, त्यावर वरण. माझ्यापुढे तिनं दोन रताळी ठेवली आणि अगदी अदबीनं म्हणाली, "घ्या बाई."

मी रताळ्याकडे पाहिलं, भाताकडे पाहिलं. माझ्या खोटेपणानं माझीच पंगत उठवली होती.

"मला भात द्या," मी म्हटलं.

ती चमकली. मग तिला दया आली. "भूक लागली ना लय? वास तसाच हाय. पण नवस मोडू नका, बाई. दिवस मावळला की सोडा. मी ठेवून देतो झाकून."

"नाही हो, मला चालतो भात."

"उपासाले कुठं चालते भात?"

"उपास नाहीये माझा."

"आता भुकेपायी असं बोलून राहिल्या तुमी," ती समजुतीनं म्हणाली. "होते असं. मनाले आवरा."

दोन वर्षं मी जगाला पटवत होते की मला हे खाता येत नाही. आणि आता परक्या अंगणात बसून एका बाईला पटवत होते की मला हे खाता येतं, आणि ती ऐकत नव्हती! रागाच्या भरात मी सगळंच सांगून टाकलं, अगदी भडाभडा. आजाराचं सांगितलं, सुईत दोरा ओवता येत नव्हता ते सांगितलं, मामेसासूंचा लाडू सांगितला, पंगतीतला कोपरा सांगितला. नवऱ्याची अट सांगितली. "आज मी बाहेर जेवले आणि मला काही झालं नाही, तरच मी पुन्हा कुठे जाऊ शकेन. नाही तर प्रताप नगर ते बेसा, एवढंच माझं जग उरेल. भातानं मला काही होत नाही हो. तुमच्या हंडीत जे आहे ते मी खाऊ शकते." बोलता बोलता मी रडत होते, नाक पुसायला पदर होता तेवढा.

ओसरीवर तिच्या नवऱ्याचा घास मधल्या मध्ये थांबला होता. बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मंग उपासाचं खोटं काहून बोलल्या? रामाच्या दारात?"

"आजार म्हटलं की लोक म्हणतात, थोडंसं खाल्लं तर काय होते."

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "मी बी हेच म्हटलं असतं." आणि तिच्या या एका वाक्यानं माझा दोन वर्षांचा राग कुठल्या कुठे पळाला. तोवर माझ्याशी इतकं सरळ कोणी बोललंच नव्हतं.

"वरण चालते का?"

"त्यात हिंग असेल तर नाही."

"हाय हिंग. मंग वरण राहू द्या." तिनं पळी उचलली.

आता माझ्या आयुष्यातलं सर्वांत अवघड वाक्य आलं. घरात, सासरी, माहेरी, कुठेच ते माझ्या तोंडून नीट निघालं नव्हतं. जी आपल्याला घरी बोलावून जेवू घालते तिला असं कसं म्हणायचं? मी म्हटलं, "सकाळी तुम्ही पोळ्या केल्या असतील तर हात धुता का? आणि पळीही. पीठ लागलेलं असलं तरी मला त्रास होतो."

ती रागावेल असं वाटलं. तिनं राखेनं हात घासले, पळी घासली, माझं ताट घासलं आणि तिन्ही मला दाखवली. "झालं?"

"झालं."

तिनं हंडीच्या मधोमध पळी घातली आणि मला भात वाढला. वर हंडीतून काढून ठेवलेली पेज, बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा, मीठ आणि कच्च्या तेलाची धार. नवा भात चिकट असतो, मोकळा होत नाही, त्याला नावं ठेवतात. मी बोटांनी गोळा केला आणि तोंडात घातला.

मी थक्क झाले, याहून खरा शब्द माझ्याकडे नाही. लहानपणापासून हजारदा खाल्लेली वस्तू तोंडात होती आणि मला ती नवीन होती. गोड लागत होती. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी आलं, तेही गोड वाटलं. मी भीत नव्हते! घास मोजत नव्हते, पोटाचा कानोसा घेत नव्हते. जमिनीतून उगवलेलं काहीतरी माझ्यात चाललं होतं आणि माझं शरीर त्याला या म्हणत होतं. या साध्या गोष्टीचं इतकं नवल वाटावं? पण वाटलं. गडावरून आभाळ पाहताना जे झालं होतं, तेच एका ताटापुढे झालं.

"आणखी वाढू?" बाईनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता वाढलं. मग तीही माझ्यासमोर ताट घेऊन बसली. दोघी जेवलो. तिच्या नवऱ्यानं ओसरीवरून तेवढंच म्हटलं, "पोटभर जेवा जी, धान घरचं हाय."

दुपारभर मी तळ्याच्या पायऱ्यांवर बसून होते. शरीरावर माझा अजून भरवसा नव्हता. कळ येईल, मळमळ येईल, कपाळावर घाम फुटेल म्हणून वाट पाहिली. पाण्यावर पाणकोंबड्या फिरत होत्या. ऊन डोंगराआड गेलं, गडाची सावली तळ्यात आली. काही झालं नाही. फक्त थोडी झोप आली, भात खाल्ल्यावर कोणालाही येते तशी.

मग फोन वाजला.

"काय खाल्लं? डबा पुरला का?"

"डबा वानरानं नेला."

"मंग?"

"एका बाईच्या घरी जेवले. ओळखीची नाही. शिंगाडे विकते."

"अवं..." गाडीची किल्ली शोधत असणार तो, मला दिसत होतं. "अन् पोट?"

"भरलं," मी म्हटलं.

प्रश्न संपले होते बिचाऱ्याचे. मी कान देऊन थांबले. आता घ्यायला येतो म्हणेल, पुन्हा असं करू नको म्हणेल. पण त्यानं जरा बिचकत विचारलं, "काय होतं जेवायला?"

"नवा भात. हंडीतला."

"चांगला होता का?"

माझा हुंदका बाहेर आला तो त्याच्या या प्रश्नानं. चाललं का, बाधलं तर नाही, कशात काय होतं, हे मला दोन वर्षं सगळ्यांनी विचारलं. चांगला होता का, हे कोणीच विचारलं नव्हतं. मी नाक पुसलं आणि सांगायला लागले. वास कसा होता, पेज कशी होती, ठेच्यानं कसं पाणी आलं. तो ऐकत राहिला, आणि मी पायऱ्यांवर अंधार पडेपर्यंत सांगत होते.